चिमणराव, गुंड्याभाऊ आणि आपण गोवेकर

काही वर्षांपूर्वी एका लग्नाच्या निमित्ताने सुरतेला जाणे झाले. मित्राचे घर नवागामात. उधन्याच्या पलीकडे, दिंडोलीला लागून असलेली ही वस्ती. सुरतेच्या कापड धंद्याने खानदेशातली असंख्य कुटुंबे या भागात ओढून आणली आणि उधन्याहून नंदुरबार-जळगावकडे जाणाऱ्या रेल्वेने त्यांचे गावाकडचे नाते तुटू दिले नाही. घरात आजी अहिराणी बोलायची, मित्र मराठी आणि त्याची मुले आपसात चक्क गुजराती!

लग्नघर म्हटले की वर्षानुवर्षे तोंड न पाहिलेले नातेवाईक आलेच. त्यांत एक किडकिडीत, घाबरट गृहस्थ होते आणि त्यांच्यासोबत त्यांचे आडदांड, मिशाळ मावसबंधू. दोघांचे एका गोष्टीवर एकमत होत नव्हते आणि एकाला सोडून दुसरा जागचा हलतही नव्हता. मांडवातल्या एका आजोबांनी त्यांना पाहताच हाक मारली, "या चिमणराव! गुंड्याभाऊंनाही आणलंत ना?" मोठी माणसे खो खो हसली. मुले मात्र एकमेकांकडे पाहत राहिली. कोण हे चिमणराव, हे त्यांना कुठे ठाऊक होते!

मला त्या हाकेची गंमत वेगळ्याच कारणाने वाटली. नवागामपासून रेल्वेने दोन-तीन तासांवर बडोदे. चिमणरावांचे जनक चिं. वि. जोशी यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे याच बडोद्यात घालवली. म्हणजे अस्सल पुणेरी वाटणारा हा चिमणराव मोठा झाला तो गुजरातेत!

चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) हे जन्माने पुण्याचे. व्यवसायाने पाली भाषेचे प्राध्यापक. बडोदा कॉलेजात त्यांनी पाली शिकवली, पुढे संस्थानच्या दफ्तरखान्याचे कामही पाहिले. जातककथा आणि बुद्धचरित्र यांवर गंभीरपणे लिहिणारा हा विद्वान दुसऱ्या हाताने 'एरंडाचे गुऱ्हाळ', 'चिमणरावाचे चऱ्हाट', 'वायफळाचा मळा' अशी पुस्तके लिहीत होता. चिमणराव म्हणजे भित्रा, पापभीरू, मध्यमवर्गीय कारकून. काऊ ही बायको, मोरू, मैना, राघू ही मुले. सारे घरच पाखरांचे! आणि या पाखरांच्या घरट्यात धाडकन येऊन बसणारा नात्यातला भाऊ म्हणजे गुंड्याभाऊ. अंगापिंडाने दणकट, आवाज खणखणीत, विचार सरळ एका रेषेत. चिमणराव संकटाच्या कल्पनेनेच अर्धमेला व्हायचा आणि गुंड्याभाऊ संकट नसेल तिथेही ते उभे करायचा. खरे तर या दोघांना नात्याखेरीज काहीच जोडत नाही. पण आपल्याकडे तेवढे पुरते!

या जोडीला पडद्यावर आणले ते मास्टर विनायकांनी, १९४० साली, 'लग्न पहावे करून' या चित्रपटातून. दामूअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. १९४२ मध्ये 'सरकारी पाहुणे' आला. पण मागच्या पिढीच्या मनात चिमणराव म्हणताच जो चेहरा उभा राहतो, तो दिलीप प्रभावळकरांचा आणि गुंड्याभाऊ म्हणजे बाळ कर्वे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि १९७७ च्या सुमारास विजया धुमाळे यांनी 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका तिथे आणली. चित्र कृष्णधवल, वाहिनी एकच. मराठी दूरचित्रवाणीवरच्या अगदी सुरुवातीच्या मालिकांपैकी ही एक. जेमतेम दोन वर्षे चालली, पण प्रभावळकर आणि कर्वे यांना या नावांनी कायमचे चिकटून बसली. १९७९ मध्ये याच जोडीचा चित्रपटही निघाला. बाळ कर्वे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, पंच्याण्णव वर्षांचे होऊन गेले, तेव्हाही साऱ्यांनी निरोप दिला तो गुंड्याभाऊला.

दुर्दैव असे की, त्या मालिकेचे बहुतेक भाग आज पाहायला मिळत नाहीत. तेव्हा चित्रफिती महाग असत. एक कार्यक्रम दाखवून झाला की तो पुसून त्याच फितीवर दुसरा मुद्रित करायचा, अशी रीत होती. ज्या मालिकेसाठी शेजाऱ्यांच्या घरी गर्दी व्हायची, ती अशी पुसली गेली. उरली ती पाहिलेल्यांच्या आठवणीत.

आणि आम्हा गोवेकरांकडे तर ती आठवणही नाही! त्या वर्षांत दूरदर्शन गोव्यात पोचलेच नव्हते. आम्हाला चिमणराव भेटले ते वाचनालयातल्या, पाने सुटलेल्या पुस्तकांतून. त्यामुळे ते आपले नव्हेत, पुण्या-मुंबईकडचे, असा एक समज मनात राहून गेला.

पण थोडे मागे जाऊन पाहा. चिं. वि. जोशींना पाली शिकवली कोणी? पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात १९१२ ते १९१८ या काळात पाली शिकवणाऱ्या धर्मानंद कोसंबी यांनी. हे धर्मानंद म्हणजे आमच्या साष्टीतल्या सांखवाळचे. बुद्धाच्या ओढीने १८९९ साली घर सोडलेला, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश पायाखाली घातलेला हा गोमंतकीय. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले, म्हणून ते महाराष्ट्रात राहून मराठीत लिहू शकले. त्यांच्या हाताखाली जी पहिली पाली पंडितांची पिढी तयार झाली, तिच्यात चिं. वि. होते. धर्मानंदांनी त्यांना विनोद शिकवला, असे मी म्हणणार नाही. पण ज्या विद्येवर चिं. वि. बडोद्यात पोट भरत होते आणि उरलेल्या वेळात चिमणराव रंगवत होते, ती विद्या एका सांखवाळकराने दिलेली होती. तेव्हा मंडळी, चिमणराव आपलेही नातेवाईकच. जरा लांबचे, आणि ओळख विसरलेले!

गोव्याला परतल्यावर मी मित्राच्या मुलांसाठी 'चिमणरावाचे चऱ्हाट' पाठवले. मुले गुजराती शाळेत जाणारी, मराठी वाचताना अडखळतात. मग मित्रच रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवतो. परवा त्याचा फोन आला होता. म्हणाला, "धाकटा आता मला गुंड्याभाऊ म्हणतो!"