दूरचित्रवाणीच्या फितीतून जन्मलेला ४४,१०० हा आकडा

१/ नागपूर–अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) असो वा पुणे, शास्त्रीय गायन आज टीव्हीला जोडलेल्या लहानशा स्ट्रीमिंग उपकरणातून घरोघरी ऐकले जाते. पडद्यावर ‘हाय-रेझोल्यूशन’ अशी पाटी झळकते. ध्वनिवर्धकापर्यंत पोहोचणारा नाद मात्र पुष्कळदा त्या दर्जाचा नसतो. या विसंगतीचे मूळ १९७० च्या दशकातील व्हिडिओ टेपमध्ये आहे. (धागा)

२/ ध्वनी अंकांत साठवण्यासाठी त्याचे दर सेकंदाला हजारो नमुने मोजावे लागतात. माणसाला साधारणतः २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि मोजणी त्याच्या दुपटीहून अधिक असावी लागते. ४०,००० च्या थोडे वर काहीही चालले असते. मग नेमके ४४,१०० का?

३/ सेकंदाला दहा लाखांहून अधिक बिट सामावणारे सोयीचे साधन त्या काळी एकच होते: व्हिडिओ टेप रेकॉर्डर. म्हणून ध्वनीचे नमुने चित्राच्या रेषांत मांडले गेले, एका रेषेत ३. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ रेषा × ६० अर्धचित्रे × ३ = ४४,१००. युरोपच्या ‘पाल’ पद्धतीत २९४ × ५० × ३ = ४४,१००. दोन्ही पद्धतींना जुळणारा हाच आकडा रूढ झाला.

४/ ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात सीडी बाजारात आली, ती हाच आकडा घेऊन. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले, तेही ‘पाल’ पद्धतीनेच.

५/ पुढे चित्रपट व दूरचित्रवाणीच्या जगाने मात्र ४८,००० हा आकडा स्वीकारला. सेकंदाला २४, २५ वा ३० चित्रे असली तरी त्याला पूर्ण भाग जातो. डीव्हीडीनेही तोच उचलला. अशा रीतीने संगीत आणि चित्र यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

६/ टीव्ही उपकरण चित्रपटाचा ध्वनी, मेनूची टिकटिक आणि गाणे एकाच प्रवाहात मिसळते. त्यासाठी सर्वांचा वेग एक लागतो, आणि तो बहुधा ४८,००० ठरलेला असतो. सीडीचे नमुने १४७ : १६० या अवघड प्रमाणात नव्याने मोजले जातात, ९६,००० चे थेट निम्मे होतात.

७/ दोष तारेचा नाही. २००२ साली आलेली एचडीएमआय १,९२,००० पर्यंतचा ध्वनी वाहून नेऊ शकते. २०२१ मध्ये ॲपलने त्या दर्जाचे संगीत खुले केले, तेव्हा त्याच कंपनीच्या टीव्ही उपकरणाची मर्यादा मात्र ४८,००० होती.

८/ चांगल्या रीतीने केलेले हे रूपांतर कानाला ओळखणे कठीण असते. तरीही प्रश्न विश्वासाचा आहे. मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांचे गाणे जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांत उरले आहे. अशा तबकड्यांचे अंकीकरण ९६,००० नमुने व २४ बिटने करावे, अशी ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. एवढ्या काटेकोरपणे जपलेला ऐवज शेवटच्या दोन हातांच्या अंतरात, श्रोत्याला न कळत बदलतो.

९/ ॲपवरील पाटी धाडलेल्या फाइलविषयी सांगते. हाती काय आले, ते ॲम्प्लिफायरच्या पडद्यावरचा आकडा सांगतो. इतिहासाच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे: मूळ दस्तऐवज वेगळा आणि त्याची हाती आलेली नक्कल वेगळी.