ऑनलाइन विक्री आणि जीएसटी

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या प्लॅटफॉर्मवरून करपात्र माल विकणाऱ्यांना लागू होणारे वस्तू व सेवा कराचे, अर्थात जीएसटीचे नियम असे आहेत. १ जुलै २०१७ रोजी हा कर आला तेव्हा कायद्याच्या कलम २४ने अशा विक्रेत्यांना पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची केली. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या महाराष्ट्रातील दुकानदाराला मात्र बहुतेक वस्तूंसाठी ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान ऑनलाइन विक्रेत्यांनाही ही मर्यादा मिळाली, पण ती स्वतःच्या राज्यातील विक्रीपुरतीच. त्यासाठीही पॅन देऊन जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या गृहउद्योगाचा मसाला पुण्याला गेला तर नोंदणी नको, बेळगावला गेला तर पहिल्या पाकिटापासून हवी. ऑनलाइन सेवा देणाऱ्यांना मात्र २० लाखांपर्यंतची सवलत राज्याबाहेरही आहे. वस्तू विकणाऱ्या लहान उद्योगांवर हा उघड अन्याय आहे.

विक्रीचे पैसे आधी प्लॅटफॉर्मच्या हाती येतात. परत आलेला माल वजा जाता उरलेल्या करपात्र विक्रीवर प्लॅटफॉर्म कलम ५२ नुसार टीसीएस, म्हणजे उगमस्थानी गोळा केला जाणारा कर, कापतो. ही कपात १ ऑक्टोबर २०१८ पासून १ टक्का होती. १० जुलै २०२४ पासून ती ०.५ टक्का आहे. पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत प्लॅटफॉर्म जीएसटीआर-८ हे कपातीचे विवरणपत्र भरतो. विक्रेत्याने पोर्टलवर ती नोंद स्वीकारली की रक्कम त्याच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या रोख खात्यात, जमा होते. टीसीएस कापला म्हणजे कर भरून झाला, हा समज महागात पडतो. कराचा हिशेब, जीएसटीआर-१ आणि ३बी ही विवरणपत्रे भरणे ही जबाबदारी विक्रेत्याचीच. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र चुकत नाही. प्लॅटफॉर्म आणि विक्रेता या दोघांचे आकडे जुळले नाहीत तर नोटीस येऊ शकते, म्हणून परतीच्या मालाच्या क्रेडिट नोटा वेळच्या वेळी काढाव्यात.

सर्वांत जास्त गुंता गोदामांचा. महाराष्ट्रातील विक्रेत्याने भिवंडीतल्या प्लॅटफॉर्मच्या गोदामात माल ठेवला, तर ती जागा आपल्या नोंदणीत व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखवावी लागते. बंगळुरूच्या गोदामात ठेवला, तर कर्नाटकात वेगळी नोंदणी लागते आणि आपलाच माल तिकडे पाठवतानाही करबीजक काढून कर भरावा लागतो.

स्वतःच्या संकेतस्थळावरून स्वतःचाच माल विकणाऱ्याला टीसीएस लागू नाही.