वर्ग, वाडी आणि विद्यापीठ

ऑनलाइन उच्चशिक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा मार्च २०२० पासून सुरू केली जाते. त्या महिन्यात महाविद्यालयांची दारे मिटली, अध्यापक आणि विद्यार्थी पडद्यावर भेटू लागले आणि ‘घरबसल्या शिक्षण’ हा शब्दप्रयोग ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. जणू विद्यापीठ प्रथमच वर्गाबाहेर पडले होते! मुंबईच्या शिक्षणाचा इतिहास मात्र वेगळे काही सांगतो. तो पाहताना आम्ही एकच प्रश्न हाताशी ठेवणार आहोत. घरबसल्या शिकायचे खरे. पण कोणाच्या घरी, आणि त्या घरात कुठे बसून?

हा प्रश्न विचारण्यास गिरगावातील खोताची वाडी हे उचित स्थळ आहे. वामन हरी खोत यांच्या नावाशी जोडलेल्या या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरे आहेत. बाहेरून चढणारे लाकडी जिने, गल्लीकडे तोंड केलेले व्हरांडे. वाडीतून बाहेर चार पावले टाकली की गिरगावच्या चाळी लागत. तिथे एक खोली, तिच्यातच स्वयंपाक आणि निजणे, आणि पुढे सामाईक गॅलरी. व्हरांड्यात पुस्तक उघडणारा आणि गॅलरीतल्या दिव्याखाली पुस्तक उघडणारा, असे दोन विद्यार्थी हाकेच्या अंतरावर राहत. दोघे चालत चौपाटीवरच्या विल्सन महाविद्यालयात गेले, की त्यांना एकच फळा आणि एकच बाक मिळे. मराठीत ‘वर्ग’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. शिकण्याची खोली आणि समाजातील थर. पहिल्या वर्गात बसताना दुसरा वर्ग तासापुरता तरी बाजूला ठेवता येतो, ही महाविद्यालय नावाच्या संस्थेची फारशी न बोलली गेलेली किमया आहे.

गंमत अशी, की खुद्द मुंबई विद्यापीठाचा जन्म वर्गाविना झाला. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेले होते. ते शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. १८६२ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्याचे पहिले पदवीधर झाले, तेव्हा त्यांना शिकवले होते ते एल्फिन्स्टनने. लंडन विद्यापीठाने १८५८ साली पुढचे पाऊल टाकले आणि कुठेही राहून अभ्यास केलेल्यांना परीक्षेचे दार उघडले. मुंबईने ती वाट धरली नाही. संलग्न महाविद्यालयात सत्रे भरण्याची अट येथे कायम राहिली. या अटीने अनेकांना बाहेर ठेवले, हे नाकारता येणार नाही; पण जो आत आला त्याला शिक्षक, ग्रंथालय आणि सोबती यांची हमी मिळाली.

बाहेर राहिलेल्यांचे काय, या प्रश्नाला एक उत्तर १९४६ साली मिळाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि सकाळचे वर्ग भरवले, ते नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून. येथे घड्याळ बदलले. वर्ग मोडला नाही. कारकुनी करणाऱ्या तरुणाला पुस्तिका देऊन घरी पाठवण्यापेक्षा कचेरी उघडण्याआधी त्याला बाकावर बसवणे, हा निर्णय आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. ज्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, त्याला तो कोपरा संस्थेने द्यावा लागतो.

दुसरे उत्तर टपालाने आले. दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. मुंबई विद्यापीठात ते १९७१ साली आले. त्याच वर्षी ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे अध्यापन सुरू झाले आणि बीबीसीवरून पाठ प्रक्षेपित होऊ लागले. पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे पाठ दूरदर्शनवर आले, आणि १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. या ब्रीदातील ‘घर’ आपण सहज वाचून जातो. परंतु या विद्यापीठाने आपला संसार केवळ घरावर सोपवला नाही. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे नेमली आणि तेथे संपर्कसत्रे ठेवली. दूरशिक्षणाचा विचार ज्यांनी गांभीर्याने केला, त्यांना दूरत्व ही सोय आहे आणि उणीवही आहे, हे ठाऊक होते.

२०२० साली आपण हा धडा विसरलो, किंवा साथीने तो आठवायला सवड दिली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये महाविद्यालये उघडली, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा काही काळ बंद झाली. त्या मधल्या काळात पडद्यावर काळ्या चौकटी आणि त्यांत नावे एवढाच आमचा वर्ग होता. कॅमेरा बंद असे, कारण मागे स्वयंपाक चाललेला असे. आवाज बंद असे, कारण शेजारच्या भावाचाही तास चालू असे. कोणी गॅलरीत उभे राहून ऐके, कारण खोलीत रेंज नसे. आम्ही गैरहजेरी मांडत होतो. खरे पाहता आम्ही घरांची मापे मांडत होतो.

साहित्याच्या तासाला हे अधिक जाणवले. माहिती पडद्यावरून पोचते. कवितेच्या वाचनानंतरची शांतता पोचत नाही. वर्गात ती शांतता सगळे मिळून ऐकतात. पडद्यावर ती आली, की कोणीतरी विचारते, “सर, आवाज येत नाही का?”

याचा अर्थ ऑनलाइन शिक्षण टाकाऊ आहे, असा नव्हे. संसारात अडकलेली गृहिणी, पाळीवर जाणारा कामगार, परदेशातून मराठीत एम.ए. करू पाहणारी मुलगी यांच्यासाठी ते वरदान ठरू शकते. आमची चिंता निराळी आहे. २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक ‘स्वयम्’वरील अभ्यासक्रमांतून घेण्याची मुभा विद्यापीठांना दिली. आठ-दहा विद्यार्थ्यांचा मराठी विभाग चालवताना जमाखर्च मांडणाऱ्या व्यवस्थापनाला ही मुभा विद्यार्थ्याची सोय म्हणून दिसेल, की विभाग आटोपता घेण्याची युक्ती म्हणून? प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि भरली गेली नाही, तर पडदा हा पूरक राहणार नाही, पर्याय होईल.

खोताच्या वाडीतील घरे एकेक करून कमी होत गेली, भोवतालच्या चाळींच्या जागी मनोरे आले. खोल्यांची मापे बदलतील. पण शिकायला घरात निवांत जागा असणे हे भाग्य पुष्कळांच्या वाट्याला येणार नाही. विद्यापीठ पाठ घरोघरी पोचवू शकते, बाक पोचवू शकत नाही. म्हणून जिथे पाठ पोचवला तिथे जवळपास बाकही ठेवावा: एखादे अभ्यासकेंद्र, रात्री उशिरापर्यंत उघडे असलेले वाचनालय, आठवड्यातून एकदा समोर बसणारा शिक्षक. १९४६ साली हे सुचले होते, १९८९ साली सुचले होते. त्या तुलनेत आज साधने कितीतरी अधिक आहेत. उणीव असलीच तर ती स्मरणाची आहे.