बंद धमनीचे सहा तास

० मिनिटे
हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त नेणाऱ्या धमनीत चरबीचा थर फाटतो, त्यावर गुठळी धरते आणि प्रवाह थांबतो. हृदयस्नायूच्या पेशीचा सुमारे एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी, व्यापलेला असतो. त्या ऑक्सिजन वापरून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवतात आणि स्नायू तो लगेच खर्च करतो. साठा जवळजवळ नसतोच.

१ मिनिट
रक्त न मिळालेला भाग आकुंचन पावेनासा होतो.

१० मिनिटे
एटीपी निम्म्यावर. आता विपरीत घडतं. तंतुकणिकेतलं एटीपी बनवणारं प्रथिन उलटं फिरू लागतं आणि पटलावरचा विद्युतदाब टिकवण्यासाठी उरलासुरला एटीपी मोडू लागतं. पेशीत लॅक्टिक आम्ल साचतं, सक्सिनेट हा चयापचयातला पदार्थ साचतो. घरात मात्र अजून ‘पित्त झालं असेल, जरा पडून राहा’ हेच चाललेलं असतं. या वाक्याचा मला राग येतो, कारण ते मायेपोटी बोललं जातं आणि नेमकी हीच मिनिटं खातं. १०८ला फोन आत्ताच जायला हवा.

२० मिनिटे
रॉबर्ट जेनिंग्ज यांनी १९६०मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की इथवर रक्त परत आलं तर पेशी सावरतात. त्यापुढे मरू लागतात.

४० मिनिटे
एटीपी दहा टक्क्यांच्या आसपास. आयनांचे पंप थकतात, कॅल्शियम आत घुसतं, तंतुकणिका फुगतात. मृत्यू भिंतीच्या आतल्या थरातून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकतो.

३ तास
कॅथलॅबमध्ये फुगा फुगवून धमनी उघडली जाते. सगळ्यात गुंतागुंतीचा भाग याच्या पुढच्या काही मिनिटांत आहे. ऑक्सिजन येताच साचलेलं सक्सिनेट झपाट्यानं जळतं आणि विध्वंसक ऑक्सिजन-रेणूंचा लोंढा सुटतो. आतापर्यंत आम्लतेनं तंतुकणिकेच्या आतल्या पटलातलं एक छिद्र मिटून धरलं होतं. आम्लता ओसरते, आत कॅल्शियम भरलेलं असतं, छिद्र उघडतं. विद्युतदाब कोसळतो आणि वाचू शकली असती अशी पेशीही फुटते.

हे छिद्र सायक्लोस्पोरिन या औषधानं रोखता येतं, हे १९८८मध्ये मार्टिन क्रॉम्प्टन यांनी दाखवलं होतं. २००८मध्ये रुग्णांवरच्या एका छोट्या चाचणीनं आशा वाढवली. २०१५मध्ये ९७० रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. इतकी नेमकी जागा हाती असून औषध हाती नाही, याची हळहळ वाटते. तरीही धमनी उघडायलाच हवी. बंद ठेवली तर त्या भागातलं बहुतेक सगळंच जातं.

६ तास
धमनी उघडली नसेल, तर एव्हाना लाट बहुधा भिंतीच्या बाहेरच्या थरापर्यंत पोचलेली असते. रक्तात ट्रोपोनिन हे हृदयस्नायूतलं प्रथिन वाढलेलं दिसतं. फुटलेल्या तंतुकणिकांचा डीएनए बाहेर सांडतो. त्यांचे पूर्वज जीवाणू होते, त्यामुळे प्रतिकारयंत्रणा या डीएनएवर जंतूवर तुटून पडावं तशी तुटून पडते आणि दाह भडकतो. पुढच्या दिवसांत पांढऱ्या पेशी मेलेला स्नायू साफ करतात. काही आठवड्यांत तिथे घट्ट व्रण तयार होतो. तो आकुंचन पावत नाही. हृदयात वर्षाला एक टक्काही स्नायूपेशी नव्या बनत नाहीत, म्हणून त्याच्या वाटणीचं काम इथून पुढे उरलेल्या स्नायूवर पडतं.