त्रिकाळ घंटेची कुळकथा

वसई पश्चिमेतील होळी, रमेदी, पापडी या जुन्या वस्त्यांच्या मुलखात चर्चच्या घंटेने दिवसाचे तीन भाग पाडण्याची रीत पोर्तुगीज काळात आली. सकाळी, माध्यान्ही आणि सांजवेळी घंटेचे तीन-तीन ठोके थोड्या अंतराने तीनदा पडतात, शेवटी ती सलग वाजते, आणि तेवढ्यात भाविकाने हातातले काम थांबवून ‘आंजेलुस’ म्हणजे देवदूताच्या निरोपाची प्रार्थना म्हणावी, असा संकेत आहे. या प्रार्थनेत देवदूताने मारियेला दिलेला निरोप, तिचा होकार आणि देवाचे मनुष्य होणे हे तीन प्रसंग क्रमाने मनापुढे आणायचे असतात, आणि प्रत्येक प्रसंगानंतर एकदा ‘नमो मारिया’ म्हणायची असते.

हिचे मूळ युरोपातील मठांत आहे. संन्यासी दिवसातून अनेकदा ठरलेल्या प्रहरी एकत्र जमून लॅटिन स्तोत्रे म्हणत. पण नांगरणाऱ्याला आणि सूत कातणारीला ना तेवढी सवड होती, ना ती भाषा येत होती. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन संन्याशांनी, मठातील सायंप्रार्थनेची घंटा ऐकताच लोकांनी आपापल्या जागी मारियेचे स्मरण करावे, असा प्रचार सुरू केला, आणि 1318 मध्ये पोप बाविसावे जॉन यांनी या सायंकाळच्या प्रथेला मान्यता दिली. पुढे सकाळच्या घंटेची भर पडली. दुपारच्या घंटेचा उगम मात्र युद्धात आहे: 1456 मध्ये ऑटोमन सैन्य बेलग्रेडवर चालून आले, तेव्हा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी माध्यान्हीची घंटा वाजवून प्रार्थना करण्याचा आदेश काढला, आणि संकट टळल्यावरही ती घंटा राहिली.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यांच्यामागून फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन हे संघ इथे आले. केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीत राबणारा शेतकरी असो किंवा किनाऱ्यावर जाळे विणणारा कोळी, चर्चमध्ये जाण्यासाठी काम सोडणे कोणालाच रोज परवडणारे नव्हते. म्हणून जिथे असेल तिथेच म्हणायची ही प्रार्थना त्यांच्या दिनक्रमाला जुळणारी होती. त्रिकाळ संध्येप्रमाणे हिलाही काळाचे बंधन आहे, परंतु उपनयन, आचमन, आसन यांसारखी कोणतीही पूर्वअट नाही, पुरोहिताचीही गरज नाही. चिखलाच्या हातांनीही ती म्हणता येते, आणि हीच तिच्या कुळकथेतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे: चिंतन हे निवृत्तांचे राखीव धन न राहता कामकऱ्याच्या दिवसात शिरले.

मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला आणि किल्ल्यातील चर्चच्या घंटा विजयाच्या खुणा म्हणून मराठी मुलखात गेल्या. भीमाशंकर, पालीचा बल्लाळेश्वर, नाशिकचे नारोशंकर मंदिर आणि वाईजवळील मेणवली येथे त्या आजही दिसतात. नारोशंकराच्या घंटेवर 1721 हे साल आहे, तर 1707 सालच्या मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मारियेची आकृती आहे. जिंकलेल्या वस्तूवरील परधर्मीय आकृती घासून काढावी असे त्या काळी कोणाला वाटले नाही, याची नोंद इतिहासाने आदराने घ्यायला हवी.

घंटांचे काम मात्र पालटले. चर्चच्या मनोऱ्यात एक माणूस दोर ओढतो आणि त्या नादाने अख्खे गाव एकाच क्षणी थांबते. देवळात प्रत्येक भाविक स्वतः घंटा वाजवतो, आपण आल्याची वर्दी देवाला देतो आणि बाहेर धावणारे आपले मन गाभाऱ्याकडे वळवतो. पहिल्या रीतीत हाक बाहेरून येते आणि सर्वांना येते, तर दुसऱ्या रीतीत ती ज्याची त्याने द्यायची असते. तरीही दोन्ही ठिकाणी घंटा ज्याच्यासाठी वाजते तो माणूस संसार सोडून आलेला नसतो, आणि थोड्या वेळाने त्याला कामाकडेच परतायचे असते.

किल्ल्यातील चर्चे ओस पडली, पण किल्ल्याबाहेरील गावांतून ख्रिस्ती उपासना टिकली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) लोकभाषेतील उपासनेला वाट मिळाली आणि वसईच्या चर्चमधून लॅटिनच्या जागी मराठी आली. 1974 मध्ये पोप सहावे पॉल यांनी, आंजेलुसची रचना साधी असल्यामुळे तिच्यात बदलाची गरज नाही, असा निर्वाळा देऊन ती शक्य तिथे चालू ठेवण्याचे आवाहन केले.