राजकीय व्यंगचित्राचें वाचन : एक चित्र व त्याच्या दोन मिती

जुना कागद हातीं आला म्हणजे त्याची मिति, शिक्का व मायना पाहिल्यावांचून त्यावर विधान करूं नये, असा संशोधकांचा परिपाठ आहे. कागद अस्सल कीं नक्कल, हेंही आपण आधीं ठरवितों. छापील राजकीय व्यंगचित्रास मात्र हा नियम क्वचितच लाविला जातो. चित्र डोळ्यांस दिसलें म्हणजे तें कळलें, असा समज आहे. तो किती घातक आहे, हें एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

व्यंगचित्रकार शंकर यांनीं १९४९ सालीं काढलेल्या एका चित्रांत राज्यघटना ही गोगलगाय आहे. तिच्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हातीं आसूड घेऊन बसले आहेत. मागें पंडित नेहरू आसूड उगारून उभे आहेत, आणि लोकसमुदाय पाहत आहे. हेंच चित्र २००६ सालीं अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत छापलें गेलें. मे २०१२ मध्यें त्यावरून संसदेंत गदारोळ झाला. पुस्तकाचे मुख्य सल्लागार प्रा. सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनीं राजीनामे दिले, आणि पुणें विद्यापीठांतील पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली.

वाद एकाच प्रश्नाभोंवतीं फिरला : नेहरूंचा आसूड कोणावर? एका पक्षाच्या मतें तो गोगलगाईवर. कारण दोन्ही आसूड एकाच कामासाठीं आहेत. दुसऱ्या पक्षास तो बाबासाहेबांच्या पाठीवर उगारलेला दिसला. ज्या समाजानें पिढ्यान्‌पिढ्या अपमान सोसला, त्याचें हें वाचन अज्ञान म्हणून टाकून देतां येत नाहीं. आमच्या मतें पहिलें वाचन अस्सलाच्या मितीस धरून आहे, दुसरें नकलेच्या. दोन्ही पुरावेच आहेत. पण निरनिराळ्या काळाचे.

आतां चित्रांतील मुख्य आरोप दिरंगाईचा. घटनासभा ९ डिसेंबर १९४६ रोजीं प्रथम भरली व २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं राज्यघटना स्वीकृत झाली. मसुद्यास ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या. पैकीं २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. इतका खल झालेल्या कामास गोगलगाय म्हणणें हें मत होय, वृत्त नव्हे. तत्कालीन अधीरतेचा पुरावा म्हणून चित्र मोलाचें आहे. दिरंगाईचा पुरावा म्हणून नाहीं.

चित्रांत कोण नाहीं, हेंही पाहावें. मराठवाड्यांतील अर्धापूर घ्या. हा गांव तेव्हां हैदराबाद संस्थानांत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी फौजेनें शरणागति पत्करली, आणि १९४९ अखेरपर्यंत तेथें जनरल चौधरी यांचा लष्करी अंमल होता. घटनासभेंत त्या प्रजेचे प्रतिनिधि नव्हते. चित्रांतील समुदाय म्हणजे अवघा भारत, असें मानणारानें हें ध्यानांत ठेवावें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. जुन्या साप्ताहिकांतील चित्रें कातरून घेऊं नयेत. अंकाचें नांव, तारीख, चित्राखालील ओळ व शेजारचा मजकूर यांसह संबंध पान जपावें. तें चित्र पुढें अन्यत्र छापलें गेलें असल्यास ती नोंद निराळी करावी. मितीवांचूनचें कात्रण म्हणजे शिक्क्यावांचूनची सनद. तिच्यावर हक्क कोणासही सांगतां येतो, शाबीत मात्र कोणासच करतां येत नाहीं.