शेपटीची किंमत

आमच्या घरी एक घोडी टपालाने आली होती. टपालाने म्हणजे पत्रावरून. मी काही तिला पाहिलेली नाही. ती गोष्ट माझ्या जन्माच्या कितीतरी आधीची. पण दर दिवाळीला फराळाची ताटे मांडली गेली, की आजी ती गोष्ट काढायची आणि आजोबा पानाचा डबा उघडून त्यात उगाच काहीतरी शोधू लागायचे. गाव आमचे खानदेशातले, गिरणेच्या काठचे. शेती नदीपलीकडे. जाण्यायेण्यासाठी आजोबांना एक घोडी हवी होती. परगावच्या एका स्नेह्याने कळवले, की पाच वर्षांची आहे, पंचकल्याणी आहे, छातीवर देवमण आहे आणि चाल अशी, की हातातल्या पेल्यातले पाणी हलू नये. आजोबांनी उलट टपाली मनिऑर्डर केली. पंधरवड्याने घोडी आली. वय बरोबर, चारी पाय आणि तोंड पांढरे, देवमण जागच्या जागी, चालही तशीच. पत्रात एक अक्षर खोटे नव्हते. फक्त ती पाण्यात पाय घालीत नव्हती.

म्हैस पाण्यात असताना सौदा करू नये म्हणतात. आमची घोडी पाण्याबाहेर उभी होती, एवढाच फरक!

पुढे इतिहास वाचण्याचे वेड लागले, तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आजोबा फार मोठ्या माणसांच्या पंक्तीला बसले होते. न पाहता घोडा घेणे हा आपल्या दक्षिणेत शतकानुशतके चाललेला राजेलोकांचा व्यवहार होता, आणि त्यात नुसती घोडी नव्हे, खजिनेच्या खजिने नदीकाठी अडकून पडले.

कारण साधे आहे. दख्खनच्या पठारावर काटक तट्टे निपजत. पण चिलखती स्वाराला पेलून चौफेर उधळणारा उंचापुरा घोडा हवा असेल तर तो अरबस्तानातून नाही तर इराणातून आणावा लागे. मध्ये समुद्र. घोडा होर्मुझला किंवा कीश बेटावर, गिऱ्हाईक मदुरेला. निवड करणारे डोळे दलालाचे, आणि मोहरा मात्र राजाच्या.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मदुरेच्या पांड्यांनी जो करार केला तो वाचून आजही माणूस थक्क होतो. वस्साफ या इराणी इतिहासकाराने त्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. कीशचा बडा व्यापारी जमालुद्दीन याने आपल्या घोड्यांपैकी दरसाल १४०० घोडे पाठवावेत. इराणी आखातातल्या इतर बंदरांतूनही माल यावा. एका घोड्याची किंमत लाल सोन्याचे २२० दीनार. आणि अट अशी, की वाटेत समुद्रात घोडा मेला तरी त्याची किंमत राजाच्या खजिन्यातून मिळावी! वस्साफ म्हणतो, एके काळी मअबर, खंबायत वगैरे बंदरांना वर्षाला १०,००० घोडे जात. त्यांची किंमत बावीस लाख दीनार होई.

असल्या करारावर राजाने शिक्का कसा उठवला? उत्तर त्याच ग्रंथात आहे. पांड्य राजाचा मंत्री आणि सल्लागार होता तकीउद्दीन. कायल बंदराचा कारभार त्याच्याच हाती. आणि हा तकीउद्दीन कोण? तर विकणाऱ्या जमालुद्दीनचा सख्खा भाऊ. विकणारा थोरला, तपासून घेणारा धाकटा. मग मेलेल्या घोड्याचे पैसे कापायचे कोणी?

किनाऱ्याला जिवंत लागलेल्या घोड्यांचे नशीब तरी काय होते? १२९२-९३ च्या सुमारास मार्को पोलो त्या किनाऱ्यावर उतरला होता. तो सांगतो, की राजा वर्षाला दोन हजारांवर घोडे घेतो, त्याचे भाऊही तितकेच घेतात, आणि वर्षअखेर त्यांतले शंभरही उरत नाहीत. खाणे काय, तर मांस घालून शिजवलेला भात. नालबंद कोणी नाही. परदेशी व्यापारी आपला नालबंद तिकडे जाऊ देत नसत. घोडे मेले तरच पुढच्या वर्षी गिऱ्हाईक परत येणार, हे त्यांना पक्के ठाऊक. वस्साफही म्हणतो, की घोडे चाळीस-चाळीस दिवस खुंट्याला बांधून फुगवतात आणि मग कसलीही शिकवण न देता शिपाई त्यांच्यावर बसतात. दोघेही परके, दोघांच्या लिहिण्यात थोडे मीठमसाला असेल. पण दोघांच्या साक्षी जुळतात.

एवढा खटाटोप करून जमवलेले घोडे शेवटी गेले कुठे? १३११ मध्ये मलिक काफूर मदुरेहून परतला तेव्हा लुटीत हत्ती होते, जवाहीर होते आणि घोडे होते. अमीर खुस्रो पाच हजार सांगतो, बरनी वीस हजार. आकडा कोणताही धरा. पांड्यांनी न पाहता, सोने मोजून घेतलेले घोडे दिल्लीला फुकट चालत गेले.

आपल्या कोकणातली तऱ्हा निराळीच होती. त्याच मार्को पोलोने ठाण्याबद्दल जे लिहिले आहे ते वाचून आज लोकलने ठाण्याला जाणारांना हसू येईल. तिथल्या राजाची चाच्यांशी बोली होती, की जहाजे लुटावीत, बाकीचा माल तुमचा, घोडे मात्र माझे. म्हणजे कायलचा राजा मेल्या घोड्याचे पैसे देई आणि ठाण्याचा राजा जिवंत घोड्याचेही देत नसे! फसवणुकीच्या भीतीवर हा उपाय नामी खरा, पण कोणताही शहाणा व्यापारी त्या बंदराकडे गलबत वळवणार नाही.

आता शेपटीकडे येतो. पांड्यांनंतर पावणेदोनशे वर्षांनी विजयनगरला साळुव नरसिंह गादीवर आला (१४८५). त्याच्याविषयी फेर्नाव नुनीझ या पोर्तुगीजाने लिहून ठेवले आहे. हा नुनीझ सोळाव्या शतकात स्वतः विजयनगरात राहिला होता. तो म्हणतो, की होर्मुझ आणि एडनहून घोडे यावेत म्हणून राजा व्यापाऱ्यांना मागतील ती किंमत देई. हजार परदावांना तीन घोडे, मेलेले असोत की जिवंत. समुद्रात मेला असेल तर नुसती शेपटी आणून दाखवायची. पूर्ण घोड्याचे पैसे मोजून मिळत.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मी मोठ्याने हसलो. शेपटी बघून घोड्याची किंमत! शेपटी अरबी घोड्याची की बंदरावरच्या भाडोत्री तट्टाची, हे ओळखणार कोण? पण पुन्हा विचार केला तेव्हा हसू मावळले. नरसिंह खुळा नव्हता. बुडती गादी सावरलेला तो सेनापती होता. त्याच्या उत्तरेला बहमनी सुलतान होते आणि त्यांनाही तेच घोडे हवे होते. गलबत भटकळला लागले नाही तर दाभोळला किंवा चौलला लागणार. पंचवीसांतले दहा घोडे वाटेत मेले आणि नुकसान व्यापाऱ्याच्या माथी बसले, तर पुढच्या मोसमात तो गलबताचे तोंड दाभोळकडे फिरवणार. नरसिंहाला लंगड्या घोड्याची भीती नव्हती; चांगला घोडा शत्रूच्या पागेत जाण्याची होती. शेपटीला तो जी किंमत देत होता ती घोड्याची नव्हतीच, गलबताच्या दिशेची होती.

पोर्तुगीजांना हे मर्म नेमके कळले. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आफोन्सु द आल्बुकेर्कने घोड्यांची गलबते गोव्यालाच लागली पाहिजेत असा दंडक घातला, आणि विजयनगर व विजापूर या दोघांनाही त्याच दारात ताटकळत ठेवले. नुनीझच्या म्हणण्याप्रमाणे विजयनगरचा राजा होर्मुझी आणि देशी मिळून वर्षाला १३,००० घोडे घेई. उत्तम ते स्वतःच्या तबेल्यात ठेवी, उरलेले सरदारांना देई. १५६५ मध्ये तालिकोटला ते राज्य बुडाले आणि गोव्याच्या जकातीलाही मोठी खोट बसली.

या सगळ्या गर्दीत मला एकाच घोड्याची माया वाटते. अफनासी निकीतिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन गलबतावर चढला आणि सहा आठवड्यांनी चौलला उतरला. एक माणूस, एक घोडा. पावसाळ्यात तो जुन्नरला पोचला. तिथल्या असदखानाने घोडा काढून घेतला आणि म्हणाला, मुसलमान हो, घोडा परत देतो, वर हजार मोहरा देतो. नाही तर घोडाही गेला आणि हजार मोहरा दंड. मुदत चार दिवस. मुदत सरता सरता खुरासानचा खोजा महंमद तिथे आला, त्याने रदबदली केली आणि घोडा सुटला. निकीतिनने तो वर्षभर पोसून अखेर बीदरला विकला. घेणाऱ्याने डोळ्यांनी पाहून घेतलेला, विकणाऱ्याने स्वतः खाऊ घातलेला असा त्या काळच्या कागदांत मला सापडलेला हाच एक घोडा. शिवनेरीच्या पायथ्याशी गेलो, की शिवजन्माच्या आधी दीड-पावणेदोन शतके तिथे पावसात भिजत उभ्या असलेल्या या घोड्याची मला आठवण होते.

शिवाजीमहाराजांच्या लष्करात बारगिराचा घोडा सरकारचा आणि शिलेदाराचा त्याचा स्वतःचा, हे आपण शाळेत शिकतो. सभासद सांगतो, की दसऱ्याला फौज मुलूखगिरीला निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूची यादी होई आणि परतल्यावर त्या यादीशी ताळा पाहिला जाई. तिथे शेपटी दाखवून भागत नसे. आणि जोर होता तो भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या भीमथडीच्या तट्टांवर. दिसायला अरबी घोड्यापुढे काहीच नाही. पण त्याचे खूर, त्याची खोड, त्याचा दम गावच्या पोरालाही ठाऊक. खरे तर पत्रात जे लिहिता येते, रंग, वय, भोवरे, ते घोड्याचे सर्वांत कमी महत्त्वाचे अंग. तो कशाला बुजतो, थकल्यावर काय करतो, हे कागदावर येत नाही. ते पाहावे लागते, आणि तेही एका दिवसात दिसत नाही.

आजोबांच्या घोडीचे पुढे काय झाले ते राहिलेच. तिला नदीत उतरवण्यासाठी सगळ्या गावाने खटपट केली. डोळे बांधले, पुढे गूळ धरला, मागून ढकलले. अखेर ती एका टांगेवाल्याला अर्ध्या किमतीला गेली आणि डांबरी सडकेवर सुखाने म्हातारी झाली.

त्या साली मार्गशीर्षात आजोबा दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या जत्रेला स्वतः गेले. चार दिवस तळ ठोकला. विकणारा देवमण दाखवू लागला, दात दाखवू लागला, चाल दाखवू लागला. आजोबांनी काही पाहिले नाही. “तें सगळें राहूं द्या,” ते म्हणाले, आणि लगाम हातात धरून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, आधी स्वतः तापीत उतरले.